तळघरातलं झाकण

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका वाचक बाईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : सासऱ्यांनी 1964 साली बांधलेला बंगला. मागच्या बाजूला पाच पायऱ्या उतरून एक खोली, तिला घरात सगळे तळघर म्हणतात. घर पुनर्विकासाला द्यायचं चाललंय, म्हणून तिथल्या ट्रंका, तांब्यापितळेची भांडी, पायाची शिलाई मशीन हलवायला घेतली. कपाटाखाली लोखंडी पत्रा निघाला आणि पत्र्याखाली दोन फूट बाय दोन फुटांचं चौकोनी तोंड. कडेनं दगडी चौकट, चौकटीला खाच. पडद्याचा सात फुटी दांडा आत सोडला तर तळ लागला नाही, टोक मात्र ओलं होऊन आलं. वास कधी कुबट, कधी त्याहून वाईट. यजमान म्हणतात, रविवारी मिस्त्री बोलावून काँक्रीट ओतून टाकू. पुण्याच्या धाकट्या दिरांच्या मते गुप्तधन असेल, नाहीतर किल्ल्यापर्यंत गेलेलं भुयार. आणि असल्या गोष्टी 'बघणारा' एक माणूस त्यांच्या ओळखीचा आहे. सोळा वर्षांच्या मुलाला दोर बांधून खाली उतरायचंय. एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई "ते झाकलेलं राहू दे" एवढंच बोलल्या आणि ताटावरून उठल्या. बाई विचारतात : "बुजवू, उघडू, की बिल्डरला कळायच्या आत गप्प बसू? तीन रात्री डोळ्याला डोळा नाही."

आधी आजच्या रात्रीपुरतं. पत्रा परत तोंडावर सरकवा, त्यावर जाड प्लायवूड आणि प्लायवूडवर ती शिलाई मशीन. जुनी बिडाची असणार. तिच्याएवढं भरवशाचं वजन घरात दुसरं सापडायचं नाही. खोलीची खिडकी उघडी, दाराला कुलूप, किल्ली तुमच्या कमरेला. चिरंजीवांना ती कुठे आहे हे कळता कामा नये.

कारण त्या तोंडातून कोणीही खाली उतरायचं नाही. आज नाही, पाणी उपसल्यावर नाही, तोंडाला रुमाल बांधून नाही. बंद खड्ड्यातली हवा खड्ड्यासारखी दिसत नाही, ती साध्या हवेसारखीच दिसते. आपण घेतो त्या हवेत प्राणवायू साधारण 20.9 टक्के असतो. कुजणारा पाला, मैला किंवा गंजणारं लोखंड बंद जागेत तो हळूहळू खाऊन टाकतं आणि माणूस दोन श्वासांत गुडघ्यावर येतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच. त्याचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. म्हणजे 'वास गेला, आता बरं आहे' असं ज्या क्षणी वाटतं तोच क्षण सगळ्यात वाईट. अशा अपघातांच्या बातम्या नीट वाचा : एक माणूस आत पडतो आणि त्याला काढायला उतरलेले दोघं-तिघंही जातात. मुलाला रागावू नका, ही बातमीच त्याच्यापुढे ठेवा. सोळाव्या वर्षी मीही उतरलो असतो.

कंदील सोडून पाहायची जुनी रीत कोणीतरी सुचवेलच. दिवा विझला तर प्राणवायू कमी आहे एवढं कळतं, पण दिवा तेवत राहिला म्हणून हवा चांगली ठरत नाही. शिवाय मैल्याच्या टाकीत मिथेन असतो आणि हवेत तो 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असला की ठिणगी पुरते. तेव्हा दिवा नाही, उदबत्ती नाही, कोणाची सिगरेट नाही. आत बघायचंच असेल तर त्याहून जुनी आणि बिनधोक युक्ती आहे, आरसा. खिडकीतून ऊन येत असेल तेव्हा हातातल्या आरशाने कवडसा आत पाडा. विहिरीत पडलेली कळशी शोधायला आमच्या आजोळी हेच करायचे. त्याआधी खिडक्या-दारं उघडून अर्धा तास थांबायचं, तोंडावर ओणवं व्हायचं नाही, आणि सडक्या अंड्याचा वास आला तर झाकण लावून सरळ बाहेर पडायचं.

आणखी एक. यजमान किंवा मिस्त्री 'पाचशे रुपये देऊन कोणाला तरी उतरवू' म्हणाले तर तिथेच थांबवा. माणसाला सुरक्षेच्या साधनांशिवाय सेप्टिक टाकीत उतरवून साफ करून घेणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा कामात मृत्यू झाला तर कुटुंबाला तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलंय. पैसे सोडा, जो उतरेल तोही कोणाचा तरी सोळा वर्षांचा मुलगा होता.

आता तुमच्या पत्राकडे येतो. मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच शब्दावर अडलो : तळघर.

तुम्ही लिहिता, पाच पायऱ्या उतरून खोली. पायरी सहा-सात इंचांची धरली तर पाच पायऱ्यांची उतरंड फार तर तीन फूट भरते. तळघर म्हणून खोदलेल्या खोलीला माणूस ताठ उभा राहील एवढी उंची हवी, म्हणजे तेरा-चौदा पायऱ्या हव्यात. नौपाड्यात 1964 साली, जिथे पावसाळ्यात पाणी हाताशी येतं त्या जमिनीत, साध्या नोकरदार माणसाने तळघर खणलं असेल हे मला पटत नाही. माझा अंदाज असा की तुमची खोली खाली गेलेली नाही, भोवतालची जमीन वर आली. ठाण्यातल्या कुठल्याही जुन्या आळीत जाऊन बघा. डांबरावर डांबर, त्यावर पेव्हर ब्लॉक. ज्या ओट्यावर तीन पायऱ्या चढून जायचे त्याच्यापुढे आता पाणी अडवायला उंबऱ्याएवढा कठडा घालावा लागतो. तुमच्या अंगणातही कधीतरी मुरूम पडला असेल. ती खोली जिथे आहे ती घराची मूळ जमीन असावी, आणि ती खोली बहुधा खोली नव्हतीच, परस होता.

हे तपासता येतं आणि त्याला एक पैसा लागत नाही. घराकडून त्या खोलीत उघडणारी एखादी गजांची खिडकी आहे का? आतल्या खोलीला गजांची खिडकी कोणी करत नाही, म्हणजे ती भिंत एकेकाळी बाहेरची होती. खोलीच्या भिंती जिथे घराला मिळतात तिथे वरपासून खालपर्यंत सरळ भेग आहे का? असेल तर दोन बांधकामं वेगवेगळ्या वेळची. फरशीला एका कोपऱ्याकडे उतार आहे का, तिथे मोरीचं बुजलेलं तोंड आहे का, फरशीत एखादा खडबडीत काळा दगड बसवलेला आहे का? तो कपडे धुवायचा दगड असेल.

हे सगळं जुळलं तर तुमच्या घरातल्या चारही माणसांनी धरलेली एक गोष्ट गळून पडते. यजमान असोत, दीर असोत, मुलगा असो की तुम्ही, सगळे असं धरून चाललात की कोणीतरी घराच्या आत, कशासाठी तरी, गुपचूप खड्डा केला. खड्डा आधी उघड्यावर होता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वापरात होता, आणि घर नंतर त्याच्यावर सरकलं. गुप्त काहीच नव्हतं. माणसं विसरली, एवढंच.

परसात दगडी चौकटीची, खाच असलेली तोंडं तीन गोष्टींना असायची. विहीर, सेप्टिक टाकी आणि साठवणीची टाकी.

माझा कौल विहिरीला. हे तलावांचं गाव, आणि नळ घरात येईपर्यंत वाड्यावाड्यांत विहिरी होत्या. उघड्या विहिरीत मलेरियाच्या डासांची पैदास होते म्हणून मुंबईत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच कितीतरी विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. विहिरीवर स्लॅब टाकून बादलीपुरतं तोंड ठेवायचं ही पद्धत तेव्हापासूनची. आरशाच्या उजेडात आतली भिंत गोल वळलेली दिसली, दगडाची चिरेबंदी दिसली, तर प्रश्न मिटला. भिंत सरळ, लांबट चौकोनी, मधे आडवी भिंत किंवा वळलेला पाइप दिसला तर सेप्टिक टाकी. भारतीय मानकाप्रमाणे तिची लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट ठेवतात, त्यामुळे आकार लांबोडकाच असतो. गुळगुळीत सिमेंटचा गिलावा आणि भिंतीत लोखंडी पायऱ्या असतील तर पाण्याची टाकी.

तुम्ही लिहिलेला 'त्याहून वाईट' वास मात्र मला खटकतो. विहीर आणि सेप्टिक टाकी एकाच परसात, दहा-पंधरा फुटांच्या अंतरात, हे जुन्या घरांत सर्रास असे. जुनी टाकी फुटून विहिरीत झिरपत असेल, किंवा तुमची आजची ड्रेनेजची लाइन गळत असेल. हे शोधायला प्लंबर फ्लुओरेसीन नावाचा रंग संडासात टाकतात आणि खाली हिरवट झाक उतरते का ते पाहतात. दोन-तीन दिवस लागू शकतात, घाई करू नका.

पाण्याची मोजणी तुम्ही स्वतः करू शकता. दोरीला वजन बांधून, खिडक्या उघड्या ठेवून, सकाळ-संध्याकाळ पाणी किती खाली आहे ते मोजा आणि वहीत लिहा. दोरीला गाठी मारून ठेवल्या की आत डोकवावंच लागत नाही. आठवडाभर. पाऊस पडला की त्या दिवसापुढे फुली. एक रात्र मुख्य नळाचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. त्या रात्री पातळी चढायची थांबली तर ते तुमच्याच पाइपातून गळणारं पाणी आहे. बाटलीभर पाणी दोरीने काढून पाण्याच्या फिल्टरवाल्याकडच्या टीडीएस मीटरने, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राने बघा, चवीने नाही! आपल्याकडच्या नळाच्या पाण्याचा आकडा बहुधा दोनशेच्या आत असतो, खाडीचं पाणी मिसळलं असेल तर तो हजारांत जातो. क्लोरीन तपासायच्या किटमध्ये थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर नळाचं, नाही झालं तर बहुतेक जमिनीतलं. खाडीलगत राहणाऱ्या वाचकांनी भरतीची वेळही लिहावी. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. तुमच्या खड्ड्यातलं पाणी तसंच रोज उशिरा चढत असेल तर दुसरा पुरावा नको.

इतर वाचकांसाठी इथेच एक वेगळी गोष्ट सांगून ठेवतो. या बाईंच्या खड्ड्याला दगडी चौकट आहे, म्हणजे तो कोणीतरी बांधलेला आहे. तुमच्याकडे फरशी आपोआप खचून भोक पडलं असेल, काठ वेडेवाकडे तुटलेले असतील, आजूबाजूच्या फरशीवर नाणं आपटल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर ही सगळी मोजणी बाजूला ठेवा. गळक्या लाइनीने खालची माती वाहून नेली आहे. खोली रिकामी करा, वजन टाकू नका आणि त्याच दिवशी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

आता यजमानांचं काँक्रीट. त्यांना वाईट वाटू देऊ नका, घरातल्या भानगडीवर झाकण टाकायची घाई बहुतेक पुरुषांना असते. पण आकडेमोड करू. तोंड दोन फुटांचं म्हणून पोटही दोन फुटांचं नसतं. आठ फूट व्यासाची, वीस फूट खोल विहीर म्हणजे हजार घनफूट, दहा ब्रास. साधारण अठ्ठावीस घनमीटर काँक्रीट. सहा घनमीटरच्या मिक्सर ट्रकने पाच फेऱ्या. नौपाड्याच्या गल्लीत रविवारी. मिस्त्री चार पोती सिमेंट घेऊन येईल, वर तोंडाला नुसती काँक्रीटची टिकली लावेल आणि खाली पोकळी तशीच राहील. पुढे कोणाला आठवणारही नाही आणि पंचवीस वर्षांनी तिच्यावर एखादी गाडी उभी राहील.

दुसरं कारण माझ्या अंगावर आलेलं आहे, म्हणून सांगतो. नव्वदच्या दशकात वाशीत एका रो-हाऊसच्या अर्ध्या तळघराचं काम मी करत होतो. कोपऱ्यात फूट-दीड फुटाचा खड्डा, कायम ओला, का आहे ते कोणालाच माहीत नाही. घरमालकिणीला तो बघवत नव्हता. मी तरुण, हुशार. काँक्रीट टाकलं, वर फरशी लावून दिली. सिडको या सरकारी महामंडळाने नवी मुंबई खाडीला लागून, भराव घालून वसवलं. भरतीला झडपा बंद करून पावसाचं पाणी धारण तलावांत थोपवायचं, ओहोटीला सोडायचं, अशी तिथली व्यवस्था. म्हणजे जमिनीतलं पाणी किती वर असेल याचा विचार मला सुचायला हवा होता. जुलैच्या मोठ्या भरतीच्या आठवड्यात मालकीणबाईंचा फोन आला : फरशी फुगली आहे. खोलीच्या मधोमध फरशा तंबूसारख्या उठल्या होत्या आणि भिंतीच्या कडेने पाणी येत होतं. तो खड्डा घाण नव्हता, ती त्या तळघराची नाकपुडी होती. पाणी तिथे जमायचं, कोणीतरी उपसायचं, आणि बाकीच्या फरशीवर दाब येत नसे. एक मीटर पाण्याचा दाब म्हणजे चौरस मीटरला एक टन. दहा बाय बाराच्या खोलीत अकरा टन, दोन हत्ती खालून पाठ लावून उभे. मी स्वखर्चाने ते काँक्रीट फोडलं. तेव्हापासून कोणाचाही ओला खड्डा बुजवण्याआधी मी एक पावसाळा थांबतो.

तुमचं घर पडणारच असेल तर एवढं थांबायचीही गरज नाही. मजबूत झाकण बसवा, जाळीबिळी नको. डास आत जाणार नाहीत असं घट्ट. ते नीट झालं की घाई संपली. पुढे कधी खरोखर बुजवायचं ठरलं तर रीत अशी : मैला असेल तर सक्शन टँकरने बाहेरूनच उपसून घ्यायचा, टाकीचा तळ यंत्राने फोडायचा म्हणजे पाणी साठणार नाही, मग वाळू किंवा मुरूम थराथराने, पाणी मारून. घरातलं रॅबिट, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, ढकलायचं नाही. विटांचे तुकडे आणि फुटके कमोड कधीच नीट बसत नाहीत, जमीन वर्षानुवर्षं खचत राहते.

दिरांचं भुयार. ठाण्यात जुन्या वस्तीत फरशी उचकटली की कोणीतरी किल्ल्याचं भुयार काढतंच. लहानपणी मीही मित्रांना पैज लावून सांगायचो. पोर्तुगीजांनी तो किल्ला 1730 च्या सुमारास बांधायला घेतला आणि 1737 साली मराठ्यांनी ठाणं जिंकलं. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, म्हणजे भावजींचं भुयार जिथे उघडेल तिथून परत येणं कठीण. तुमच्या घरापासून तिथवर वाटेत मासुंदा तलावाचं पाणी आणि दांडा सात फुटांवर ओला होतो अशी जमीन. या जमिनीत खणलेलं भुयार पहिल्याच पावसात विहीर झालं असतं.

गुप्तधनाबद्दल मात्र चेष्टा नको, कायदा सांगतो. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं 1878 च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. ते दहा रुपये आजही दहाच आहेत. आणि गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. 'बघणारा' माणूस आधी लिंबू मागतो, मग कोंबडं, मग आगाऊ रक्कम. भावजींना दुखवायचं नसेल तर सांगा की मोजणीची वही आठ दिवसांनी दाखवते, तोवर कोणाला आणू नका. पुनर्विकासाच्या वाटण्या जवळ आल्या की दूरच्या भावाला घराखाली सोनं दिसायला लागतं. त्यांना बहुधा हिशेबात आपलं नाव नीट लागेल ना, याची काळजी आहे. तेवढं बोलून टाकलंत तर सोनं आपोआप कमी होईल.

बिल्डरपासून लपवायचा विचार तुमच्या मनात आला हे मी समजू शकतो, पण त्यात फायदा दिसत नाही. पोकलेन पहिल्या दिवशी तिथे पोचेल. तोवर तुमच्या सह्या झालेल्या असतील आणि 'मालकांनी सांगितलं नाही' हे वाक्य कामाच्या प्रत्येक उशिराला वापरलं जाईल. आजच एका साध्या पत्राने कळवा, पोच घ्या. जमीन-तपासणीचं एक बोअर त्या जागेजवळ घ्यायला सांगा, म्हणजे नव्या इमारतीचा खांब पोकळीच्या काठावर येणार नाही. भाव पडेल ही भीती निराधार वाटते. एवढ्या कामात एक विहीर बुजवणं किरकोळ बाब. उलट विहीर निघाली आणि पाणी बरं असलं तर नव्या सोसायटीला फ्लशिंगसाठी ते मिळेल, गच्चीवरचं पाणी गाळून त्यातच मुरवता येईल. जाता जाता घराचा मंजूर नकाशा शोधा, कपाटात नाहीतर महापालिकेत. 1982 पूर्वी ठाण्यात नगरपालिका होती, शिक्का तिचा असेल. नगर भूमापन कार्यालयातल्या जुन्या नकाशांत विहिरी दाखवलेल्या सापडतात.

पण कागदांच्या आधी एक जिवंत दप्तर तुमच्या घरात बसलेलं आहे.

सासूबाई आज एक्याऐंशीच्या, म्हणजे घर बांधलं त्या सुमारास विशीत असतील. नवी सून म्हणून त्या घरात पाणी कोणी भरलं असेल? परसावर छप्पर पडताना तिथे कोण उभं होतं? त्यांना सगळं माहीत आहे. तुम्ही त्यांच्या गप्प बसण्याला अंधश्रद्धा समजलात, यजमानांनी हट्ट समजला. मला तीन-चार दुसरी कारणं दिसतात. ती सेप्टिक टाकी असेल आणि गेली चाळीस वर्षं तिच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या हे सुनेसमोर बोलायची लाज असेल. विहीर असेल आणि तिथे साती आसरांना हळदकुंकू वाहायची त्यांची पद्धत असेल. पाण्याची जागा बुजवू नये असं त्यांच्या माहेरी शिकवलेलं असेल. आठवून बघा, श्रावणात कधी त्या खोलीच्या उंबऱ्याशी दोन तांदळाचे दाणे, सुपारी दिसलेली? किंवा त्या विहिरीत कधी कोणी गेलं असेल. हे लिहिताना माझाही हात थांबला, पण जुन्या विहिरींबाबत हे मनात ठेवूनच बोलायला हवं.

म्हणून "खाली काय आहे?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला एकच उत्तर आहे आणि ते त्यांनी दिलेलं आहे. दुपारी, यजमान घरात नसताना, भाजी निवडताना विचारा : "तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा पाणी कुठून भरत होतात? कपडे कुठे धुवायचात?" आणि पुढे काही न बोलता मेथी निवडत राहा. बोलल्या तर ऐका. नाही बोलल्या तर विषय सोडा. यजमानांच्या एखाद्या आत्याला फोन करा, जुनी मोलकरीण असेल तर तिला गाठा, शेजारच्या घरात त्या वयाचं कोणी उरलं असेल तर चहाला बोलवा. झाकणाखाली काय आहे हे सासूबाईंच्या तोंडूनच कळलं पाहिजे असं नाही. बुजवायची वेळ आली आणि त्यांना आधी नारळ वाढवून ओटी भरावीशी वाटली, तर भरू द्या. माझ्या सगळ्या साइटवर पहिल्या खोदाईला नारळ फुटला आहे, त्याने काँक्रीटची ताकद कमी झालेली नाही. 'बघणाऱ्या'च्या कोंबड्यात आणि या नारळात काय फरक आहे ते तुम्हाला सांगायला नको.

आठ दिवसांची मोजणी झाली की वहीच्या पानाचा फोटो पाठवा, चौकटीच्या खाचेचाही, शेजारी फूटपट्टी ठेवून. सासूबाई काय म्हणाल्या ते मात्र कळवलं नाहीत तरी चालेल.